हौसेने लावलेली फुलझाडं अंगणभर तण झाली तर काय काढायचं, काय ठेवायचं आणि कधी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. गोव्यात मयेला तुमचं जुनं घर, तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलं तेव्हा अंगणात हौसेने कॉसमॉस, गुलबक्षी, गणेशवेल आणि ती जांभळ्या फुलांची रुएलिया लावली, पहिल्या वर्षी येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे, आणि आता पाऊस सुरू झाला की पायवाटेत, तुळशीवृंदावनाच्या फटीत, कुंड्यांत, शेजारच्यांच्या भाटात (माडांच्या जागेत), जिथे बघाल तिथे तीच चार झाडं. दर रविवारी उपटता, पुढच्या रविवारी परत तेवढीच. एक जण सांगतो औषध मारा, दुसरा सांगतो मीठ टाका, आणि तुम्ही विचारताय की सगळंच मुळासकट काढून अंगणात फरशी घालू का.

फरशी घालू नका. मी गेली 26 वर्षं फोंडा म्हालात (तालुक्यात) लोकांच्या परसबागा करते आणि आमचं कुळागरही (पोफळीची बाग) बघते, हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या चारपैकी दोन झाडं आरामात ठेवता येतील, कॉसमॉस ठेवायचा असेल तर दर आठवड्याला कात्री घेऊन फिरायची तयारी हवी, आणि रुएलिया मात्र काढाच, त्यात दुसरा विचार करू नका.

पण आधी तुमचे रविवार फुकट का जातात ते बघू. तुम्ही झाड उपटताय, आणि त्रास देतंय ते बी. उपटलेल्या पन्नास रोपांत दोनच बी पिकवून मोकळी झालेली असली तरी पुढच्या जूनची सोय झाली. त्यात आपण अजून एक करतो, उपटल्यावर जागा स्वच्छ दिसावी म्हणून पिकास घेऊन माती चांगली वरखाली करतो. बऱ्याचशा बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, खाली दबलेलं बी वर्षानुवर्षं तसंच झोपून राहतं, आपण खणलं की ते वर येतं, ओल पण मिळते उजेड पण मिळतो आणि आठ-दहा दिवसांत हिरवंगार. मग आपल्याला वाटतं की एवढं उपटलं तरी वाढतंय कसं. खणल्यामुळेच वाढतंय. म्हणून तण काढताना माती जितकी कमी हलेल तितकं बरं, खुरप्याने वरचा अर्धा इंच खरवडायचा, त्याच्याखाली जायचं नाही.

आता एकेक झाड घेते, कारण प्रत्येकाचं बी वेगळ्या तऱ्हेने फिरतं आणि त्यावरच सगळं ठरतं.

गणेशवेल. हिचं बी जड असतं, बोंडात चार बिया, पिकलं की वेलीच्या पायाशीच पडतात. लांब जातात त्या पाण्याबरोबर. म्हणजे वेल कुठे आहे ते माहीत असेल तर रोपं कुठे येणार तेही माहीत. हिची अडचण एकच, बियांचं कवच कडक असतं त्यामुळे सगळ्या एकदम रुजत नाहीत, पहिल्या पावसाला थोड्या, जुलैत थोड्या, काही तर पुढच्या वर्षी, त्यामुळे एकदा उपटून काम संपलं असं होत नाही. पण रोप ओळखायला एकदम सोपं. बी फुटून जी पहिली दोन पानं येतात ती कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात, आणि त्याच्या वर आलेलं खरं पान अगदी पिसासारखं. एकदा ओळखायला लागलात की चालता चालता दोन बोटांनी काढता येतं. दोन-चार रोपं गेटच्या कमानीवर चढवा, बाकीची काढा. विहिरीच्या रहाटावर आणि डाळिंबासारख्या बुटक्या झाडांवर चढू देऊ नका, नाजूक दिसते पण सप्टेंबरपर्यंत झाड पूर्ण झाकून टाकते.

गुलबक्षी. काळी मिऱ्यासारखी बी, ती पण पायाशीच पडते. बी पडतं तेवढं जवळजवळ सगळं रुजतं म्हणून गर्दी दिसते, पण रोप मोठं, पहिली दोन पानं रुंद आणि जाड, चुकायचं कारणच नाही. ही काढायची ती चार पानांवर असताना. उशीर केलात की खाली गाजरासारखा कंद धरते, आणि ऑक्टोबरनंतर आपली जांभ्याची माती दगडासारखी आवळली की तो कंद निघत नाही, वरचं तुटून हातात येतं आणि पुढच्या पावसात तीच परत फुटते. जुने कंद काढायचे असतील तर जुलैच्या मध्यात, चार दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर, पहारेने बाजूने सैल करून वर ओढायचे. घरात लहान मूल असेल तर एक लक्षात ठेवा, हिच्या बिया आणि कंद विषारी असतात, पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात, आणि मुलांना त्या काळ्या बिया खेळायला फार आवडतात. एवढं सांभाळून ठेवायला मात्र सुंदर झाड, चार वाजता उमलायला लागतं आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला त्याचा वास येतो, मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मुद्दाम ठेवलीय.

कॉसमॉस. तुमचा केशरी-पिवळा असणार, गोव्यात रस्त्याकडेला सप्टेंबर-ऑक्टोबरात जो फुललेला दिसतो तोच. मूळचा मेक्सिकोचा. याचं बी सुईसारखं लांब, काळं आणि टोकाला दोन आकडे. हे आकडे कपड्याला, कुत्र्याच्या केसांना, गुरांच्या अंगाला धरतात. म्हणजे बी तुमच्या अंगणात पडलं तरी उद्या ते शेजारच्या भाटात, परवा गावच्या वाटेवर. म्हणून याच्याबाबतीत मी कडक आहे. याची एक बाजू चांगली म्हणजे हे एका वर्षाचं झाड, डिसेंबरपर्यंत वाळून जातं, मुळात काही शिल्लक राहत नाही, सगळा खेळ बियांवर. बी पडू दिलं नाही तर माझ्या अनुभवात तिसऱ्या पावसाला रोपं अगदी मोजण्याइतकी राहतात. ठेवायचाच असेल तर दहा-बारा झाडं एका जागी ठेवा, वाटेपासून आणि कुंपणापासून लांब, आणि पाकळ्या गळाल्या की फूल देठासकट कापा. बोंड हिरवं आहे तोवर कापायचं, काळं होऊन चांदणीसारखं पसरलं की कात्री लावायच्या आधीच निम्म्या सुया खाली. पुढच्या वर्षीसाठी बी हवं असेल तर पाच-सहा बोंडं कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा, तेवढी भरपूर होतात.

इथे एक सावधगिरी. कॉसमॉसची, झेंडूची आणि गाजर गवताची रोपं लहानपणी लांबून सारखीच दिसतात, चिरलेली पानं. गाजर गवत सुरुवातीला जमिनीला चिकटून चकतीसारखं पसरतं, कॉसमॉस पहिल्यापासून उभा राहतो, आणि झेंडूचं पान चुरडलं की वासानेच कळतं. दसऱ्या-दिवाळीची तोरणं आपण खताच्या खड्ड्यात टाकतो त्यामुळे जूनमध्ये आमच्या खतातून रोजांची (झेंडूची) रोपं येतातच, ती मी उचलून रांगेत लावते, ती कधी त्रास देत नाहीत. गाजर गवत मात्र हातमोजे घालून काढा, पुष्कळ जणांच्या अंगाला त्याने खाज आणि पुरळ येतं, आणि एकदा सुरू झालं की पुढे नुसतं जवळ गेलं तरी उठतं.

आता रुएलिया. हिच्यावर जरा जास्त लिहिते कारण हिने मला स्वतःला पाच पावसाळे राबवलंय. साधारण 2004 साली एका नातेवाइकांकडून मी चार फुटवे आणले, त्यांनी पण प्रेमानेच दिले, कुणालाच कल्पना नव्हती. अंगणाच्या कडेला लावले, त्या कडेला लागूनच कुळागरात जाणारा पाट. रुएलियाची शेंग वाळून तपकिरी झाली की तिला पाण्याचा थेंब लागायचा अवकाश, टचकन फुटते आणि बिया चार-पाच हात लांब उडतात. मुलं शेंग थुंकीने ओली करून हातावर फोडतात तीच ही. म्हणजे पाऊस पडला की पेरणी, झाडाने असं टायमिंग बसवलेलं आहे. आणि बी ओलं झालं की त्यावर चिकट बुळबुळीत थर येतो, मग ते चपलेला लागतं, कोंबडीच्या पायाला लागतं, पाटाच्या कडेच्या दगडाला चिकटून तिथेच रुजतं. माझ्या चार फुटव्यांचं बी पाटातून खाली गेलं, पोफळीच्या प्रत्येक आळ्याला पाणी पोचतं तसं बी पण पोचलं. तिसऱ्या वर्षी पाटाच्या दोन्ही बाजूंना जांभळी किनार. दिसायला इतकी छान की बघायला आलेली माणसं रोप मागायची, आणि मी तेव्हा दिलीही, ते मात्र आजही मनाला लागतं.

ती बुटकी, रुंद पानांची असेल तर खाली बोटांसारखी फुगलेली पांढरी मुळं असतात. त्यातला तुकडा राहिला की परत फुटते. उंच, अरुंद लांब पानांची असेल तर तिला तशी मुळं नसतात पण खोडाचा तुकडा जमिनीला टेकला की मुळं धरते. दोन्हींना उपाय सारखाच. पहिलं काम, आज घरात जेवढी आहेत त्यांच्या सगळ्या हिरव्या शेंगा आणि फुलं कापून टाका, झाड नंतर काढलं तरी चालेल. दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असताना एकेक झुडूप बाजूने सैल करून मुळांसकट उचला, ओढू नका, ओढलं की तुटतं. तिसरं, वृंदावनाच्या आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत जी आहेत ती निघणार नाहीत, तिथे हट्ट करून चिरे हलवू नका, दर दहा-बारा दिवसांनी वरची पानं खुडत राहा, पानंच मिळाली नाहीत तर मुळातला साठा संपतो, एक-दीड वर्ष लागतं पण मरते. पायवाटेच्या चिऱ्यांतल्या लहान रोपांवर उकळतं पाणी ओतलं तरी जातात, फक्त जवळ दुसऱ्या झाडाची मुळं नसू देत. आणि पाट, गटार, छपराचं पाणी पडतं ती जागा, इथे पहिलं लक्ष. मी पाच वर्षांत आमचा पाट मोकळा केला तो वरून खाली येत केला, खालून सुरू केलं असतं तर वरचं बी दरवर्षी येतच राहिलं असतं.

उपटलेल्याचं करायचं काय हा अर्धा प्रश्न असतो आणि तो कुणी विचारत नाही. बी न धरलेली रोपं खुशाल बागेतच आच्छादनाला वापरा, पण पावसाळ्यात ओल्या मातीवर तशीच टाकलीत तर दोन दिवसांत परत मुळं धरून उभी राहतात, म्हणून गडग्यावर किंवा पत्र्यावर मुळं वर करून दोन-चार दिवस टाकायची, सुकली की मग खाली. बी धरलेलं काहीही खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. खतात बी मरायला ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापावा लागतो आणि काही दिवस तसाच राहावा लागतो, वरचं आत घालून उलटावा लागतो, आपल्या घरचे ढीग पावसात गारच असतात, त्यामुळे ते खत म्हणजे पेरणीचं बियाणं होतं. मी एक झाकणाचा जुना ड्रम ठेवलाय, बीवालं सगळं त्यात, वर पाणी, दोन-तीन महिने कुजू द्यायचं. वास येतो, घरापासून लांब ठेवा, आणि डास होतात म्हणून झाकण घट्ट हवं. गटारातून काढलेला गाळ पण वाफ्यात टाकू नका, सुपीक दिसतो पण वरच्या सगळ्या अंगणांचं बी त्यात बसलेलं असतं.

वेळेचं सांगते कारण आपल्याकडे वेळ हेच अर्धं काम. मे महिन्याच्या मध्यात, वळवाच्या सरी यायच्या आधी, ज्या वाफ्यात जास्त त्रास आहे तिथे रोज संध्याकाळी पाणी शिंपा. दहा-बारा दिवसांत वरचं बी रुजून येतं, ऊन चांगलं तापलेलं असताना दुपारी खुरप्याने वरवर खरवडून टाका, उन्हात तासाभरात मरतात. जूनच्या आधीच असा एक हप्ता कमी केला की पावसात काम निम्म्यावर येतं. ज्यांच्याकडे ऊन लागणारा मोकळा वाफा आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये माती भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवावं, आतली माती तापून वरच्या थरातलं बी बरंचसं मरतं. काळं नको, पारदर्शकच, त्यानेच माती जास्त तापते. कडक कवचाच्या बिया आणि लव्हाळ्याच्या गाठी यातूनही वाचतात, तेवढं गृहीत धरा.

मग पाऊस लागला की दोन आठवड्यांनी पहिली फेरी, आणि दुसरी फेरी चतुर्थीच्या आधी. आपण चतुर्थीला घर-अंगण साफ करतोच, ती पद्धत तणाच्या हिशोबाने पण अगदी बरोबर बसते, कारण ऑगस्टमध्ये बहुतेक झाडं फुलावर यायच्या बेतात असतात, बी अजून धरलेलं नसतं. चूक होते ती नंतर. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात सगळीकडे ग्रासकटरवाले फिरतात, त्या महिन्यात त्यांना इतकी मागणी असते की नंबर लावावा लागतो. पण ऑक्टोबरात कॉसमॉस, रानमोडी नाही तरी तायकिळो (टाकळा), रुएलिया सगळं बीवर आलेलं असतं. मशीनची तार फिरली की बी दहा फूट उडतं, आणि तेच मशीन काल दुसऱ्याच्या भाटात फिरलेलं, त्याच्या गार्डला चिकटलेलं गवत-बी तुमच्याकडे येतं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे कॉसमॉस नव्हताच, एका वर्षी ऑक्टोबरात मशीन फिरलं आणि पुढच्या वर्षी गेटपासून मागच्या दारापर्यंत पट्ट्यापट्ट्याने उगवला, मशीन जसं फिरलं तसाच. म्हणून कटरवाल्याला ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बोलवा, त्याला सांगा की आधी गेटबाहेर मशीन झाडून-धुऊन घे. चांगले पोरगे ऐकतात. ऑक्टोबरात परत कापायचंच असेल तर बीवाल्या झाडांची बोंडं आधी हाताने कापून घ्या.

तायकिळ्याचं नाव आलं म्हणून, तो पण बाहेरून आलेला पाहुणाच असल्यासारखा अंगणभर उगवतो, पण मी तो जूनमध्ये काढत नाही, कोवळा असताना खोबरं आणि फणसाच्या बिया घालून भाजी करतो, आठवड्यातून दोनदा खुडला की आपोआप कमी होतो, आणि जुलै संपताना उरलेला उपटते, शेंग धरू द्यायची नाही. कुर्डूचंही तसंच. तांबडी भाजी (लाल माठ) तर आम्ही मुद्दाम दोन झाडं बीला सोडतो, पुढच्या वर्षी पेरायला नको. आपोआप उगवणारं सगळंच वाईट असं मी अजिबात मानत नाही. तुळस, सबजा, तेरडा, सदाफुली, कोंबडा हे सगळे स्वतःच उगवतात, आणि नको तिथे आले तर बोटाने निघतात. त्यांना उगाच शिक्षा करू नका.

मोकळी माती ठेवली की काहीतरी उगवणारच, हे तर आहेच. म्हणून उपटलेली जागा त्याच आठवड्यात झाका. आपल्याकडे पातेऱ्याला तोटा नाही, फणसाची, आंब्याची, काजूची वाळलेली पानं जाळू नका, फेब्रुवारी-मार्चपासून पोत्यांत भरून ठेवा आणि जूनमध्ये तीन-चार इंच जाड थर द्या. तुमचं अंगण उताराचं आहे असं लिहिलंय तर नुसती पानं पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातील, वरून माडाची चुडतं (झावळ्या) आडवी टाका, ती धरून ठेवतात. झाडाच्या खोडाला चिकटवून नको, खोड कुजतं. घराच्या भिंतीपासून तीन-चार फूट लांब ठेवा, वाळवी आणि जनावराची (सापाची) भीती असते, ती खोटी नाही.

आणि आच्छादनापेक्षाही चांगलं म्हणजे तिथे दुसरं काही दाट लावणं. मी सगळ्यांना हळद सांगते. जूनच्या सुरुवातीला फूटभर अंतरावर गड्डे लावले की ऑगस्टपर्यंत पानांचं छत तयार होतं, खाली उजेडच पोचत नाही त्यामुळे बारीक बी रुजत नाही, चतुर्थीला पातोळ्यांना पानं घरची मिळतात, आणि फेब्रुवारीत हळद काढताना माती आपोआप तपासली जाते, राहिलेला गुलबक्षीचा कंद तेव्हा हाताला लागतो. सावलीत अळू किंवा सुरण. रुएलिया काढलेल्या जागी मी हेच केलं. पहिल्या वर्षी मधूनमधून रोपं आली, ती हळदीच्या ओळींत चटकन दिसायची.

औषधाबद्दल. मारू नका. तुमच्या अंगणात विहीर आहे, उतार तिच्याकडे आहे, आणि गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याच्या भेगांतून ते पाणी कुठे जातं ते तुम्हीच बघा. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक झोपलेल्या बीला काहीच करत नाही, उगवलेलं मरतं आणि मोकळ्या मातीत पुढचा हप्ता उगवतो. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने नोटिफिकेशन काढून ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांशिवाय कुणी वापरायचं नाही असं केलं, तरी लोक दुकानातून आणून अर्ध्या बाहीच्या शर्टात फवारतात हे मी डोळ्यांनी बघते आणि जीव तुटतो. मिठाचं तर अजून वाईट. माडाच्या आळ्यात मीठ घालतात म्हणून लोकांना वाटतं की मीठ निरुपद्रवी, पण माडाला खारेपणा सोसतो, जास्वंदीला, जाईला, केळीला सोसत नाही, आणि मीठ पाण्याबरोबर सरकतं, तुम्ही टाकलं वाटेत आणि वाळली पलीकडची मोगरी असं होतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, तुमच्या फोटोत गेटबाहेर पिवळ्या फुलांचं जमिनीवर पसरणारं चकचकीत पानांचं झाड दिसतंय, ती वेडेलिया. ती बियांनी फारशी पसरत नाही, प्रत्येक पेराला मुळं फुटतात. हल्ली हॉटेलांच्या आणि बिल्डिंगांच्या लँडस्केपमध्ये सर्रास लावतात कारण स्वस्तात हिरवं होतं. कापलेल्या फांद्या ओहोळाच्या काठावर टाकल्या की तो काठ गेला. तुमची अजून दोन हातच आहे, याच महिन्यात काढा, आणि पेराचा एकेक तुकडा वेचून वाळवा, बाहेर टाकू नका.

मी बाहेर टाकण्याबद्दल आणि कॉसमॉसच्या बीबद्दल एवढी कडक का ते सांगते. घाणेरी 19 व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आणली होती, फुलांचे रंग बदलतात म्हणून. रानमोडी पण त्याच शतकात तिथेच बागेसाठीच आली. पक्ष्यांनी घाणेरीची फळं खाल्ली, रानमोडीचं बी वाऱ्याने उडालं, आणि आज सत्तरी-धारबांदोड्याच्या डोंगरकडांना जा, रानमोडीच्या जाळीत माणूस शिरू शकत नाही. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानफळं गोळा करणाऱ्या आमच्या ओळखीच्या बायका सांगतात की पूर्वी जिथून टोपली भरून यायची त्या वाटाच आता बुजल्या. त्या दोन्ही झाडांची सुरुवात कुणाच्या तरी बागेतल्या वाफ्यातूनच झाली होती. म्हणून आता कुणी रोप देऊ केलं की मी आधी विचारते, याचं बी कसं पडतं. पायाशी पडत असेल तर घेते. उडत असेल, चिकटत असेल, फुटत असेल किंवा पक्षी खात असतील तर फोटो काढते आणि हात जोडते.

शेजारचं भाट बंद घराचं आहे, मालक बाहेरगावी, तिकडून बी येत राहील ही तुमची काळजी खरी आहे, निम्म्या गोव्याची हीच अडचण. त्यांना फोन करून परवानगी घ्या आणि गडग्याच्या पलीकडची फक्त चार-पाच फुटांची पट्टी ऑगस्टमध्ये कापून घ्या, बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, त्यांना फुकट सफाई मिळते. पायाशी पडणारं बी त्या पट्टीतच अडतं. वरच्या बाजूने पाणी तुमच्याकडे येतं तिथे एक हात रुंद, वीतभर खोल चर मारा, बी आणि गाळ त्यात बसतो, पावसात दोनदा उपसून तो गाळ त्या ड्रमात टाका. आणि गुरं तुमच्या गेटमधून येत असतील तर ते आधी बंद करा, कारण कॉसमॉस ती आणतात.

आत्ता जुलै चालू आहे म्हणून या आठवड्यात एवढंच करा: रुएलियाच्या शेंगा कापा, वृंदावनाच्या फटीतली पानं खुडा, गुलबक्षीची चार पानांवरची रोपं काढा, कॉसमॉसची बारा झाडं एका जागी राखून बाकीची उपटून गडग्यावर वाळत टाका. गणेशवेलीला अजून वेळ आहे, कमानीशी दोन ठेवा, बाकीची चालता चालता निघतील. कटरवाल्याला आजच फोन करून ऑगस्टची तारीख घेऊन ठेवा, चतुर्थी जवळ आली की तो मिळत नाही.